मांडवीला संध्याकाळी पोचायचं



मुंबईहून, पुण्याहून पाहुणे आले की पहिल्या चहाबरोबर ठरलेला प्रश्न येतो, "तुमच्या रत्नागिरीत बघण्यासारखं काय आहे हो?" उत्तरही ठरलेलं असतं. थिबा पॅलेस, किल्ला, मत्स्यालय. मग गाडी काढायची आणि गणपतीपुळ्याचा रस्ता धरायचा. दोन तासांत शहर उरकून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून बहुतेक रविवारी आठ-दहा जणांना बरोबर घेऊन हे शहर दाखवायला निघते. जमेल तिथे पायी जायचं, चढ आला की रिक्षा करायची. माझा एकच हट्ट असतो. सुरुवात पहाटे मिरकरवाडा बंदरात करायची आणि शेवट संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर. या शहराचं सगळं बरंवाईट समुद्रानं ठरवलेलं आहे, म्हणून दिवसही त्याच्याचजवळ सुरू व्हावा आणि त्याच्याचजवळ संपावा.

पहाटे बंदरात उजाडायच्या आधीच जाग असते. होड्या एकीला एक लागून उभ्या असतात, इतक्या दाटीनं की एका नाळेवरून दुसऱ्या नाळेवर पाय टाकत खलाशी धक्क्यावर येतात. मासळीच्या टोपल्या खाली उतरतात, बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज येतो आणि लिलाव सुरू होतो. नवख्या माणसाला त्यातलं काही समजत नाही, इतक्या झटक्यात भाव चढतो आणि ढीग विकला जातो. मी माझ्या मंडळींना सांगते, की इथे फोटो काढण्याआधी बाजूला उभं राहायला शिका, माणसं कामात आहेत. एकदा आमच्यातल्या एका मुलीनं टोपलीतल्या म्हाकुलाला बोट लावलं. मासळीवाल्या मावशींनी तिचा हात धरला, म्हाकूल उलटं केलं, आतली शाईची पिशवी दाखवली आणि कापताना ती फुटू न देता कशी काढायची तेही करून दाखवलं. पाच मिनिटांचा धडा! शाळेत मला तो इतका चांगला कधी देता आला नसता.

जून आणि जुलै हे दोन महिने मात्र हेच बंदर गप्प असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत होड्या शाकारून ठेवलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि पलीकडे समुद्र नुसता उसळत असतो. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हा बसरा स्टार नावाचं एक जहाज भरकटत मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन रुतलं. पुढे वर्षानुवर्षं ते तिथेच होतं. लोक ते बघायला जात. मला मात्र त्याच्याकडे बघून जुने दिवस कसे असतील ते कळलं. आजही एवढं मोठं जहाज जर असं येऊन आदळत असेल, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पावसाळ्यात या गावाची काय गत होत असेल?

ही गोष्ट मी किल्ल्यावर जाऊन सांगते. बंदराला लागूनच रत्नदुर्ग आहे. चढताना वाटेत भागेश्वराचं देऊळ लागतं. ते भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी पाणी. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराकडे होता. भगवतीचं दर्शन घ्यायचं आणि दीपगृहाकडच्या टोकाला जायचं. दीपगृह १८६७ सालचं. वरून शहराचा सगळा नकाशा खाली पसरलेला दिसतो. एका अंगाला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. आमच्याकडे अशीच नावं आहेत, वाळूच्या रंगावरून पडलेली. काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज असतं, लोखंड आणि टायटॅनियमचं. मुलांना लोहचुंबक देऊन वाळूत फिरवायला सांगितलं की काळे कण चिकटून वर येतात आणि मुलं हरखून जातात.

टोकावर उभं राहून मी सगळ्यांना पाठीमागे वळायला लावते. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र. कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ ला. त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या काळात, इथून बाहेर पडायचं तर घाट चढायचे नाही तर आगबोट धरायची. पावसाळ्यात तीही बंद. म्हणून इंग्रजांच्या लेखी रत्नागिरी ही माणूस नेऊन ठेवायला सोयीची जागा होती. कुणी येत नाही, कुणाला सहजी जाता येत नाही.

उतरून शहरात शिरलो की आळ्या सुरू होतात. राम आळी, टिळक आळी, वरची आळी, खालची आळी. रस्त्याकडेला जांभ्याचे गडगे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं त्याचे चिरे पाडतात आणि वारा-ऊन लागलं की तो टणक होतो. एखादा जुना गडगा हातानं चाचपून बघा, चिरे पाडताना उठलेले घाव अजून बोटाला लागतात. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. २३ जुलै १८५६ चा त्यांचा जन्म. घर कौलारू, साधं, पडवीचं. दहाव्या वर्षी ते पुण्याला गेले. नंतरचा इतिहास आपण पुण्याचा आणि मंडालेचा म्हणून वाचतो. मंडाले हा शब्द इथे एकदा उच्चारून ठेवा, दुपारी लागेल. जवळच जिल्हा नगर वाचनालय आहे, १८२८ मध्ये स्थापन झालेलं. म्हणजे टिळकांचा जन्म व्हायच्या अठ्ठावीस वर्षं आधीपासून या गावात वाचायची सोय होती. मुंबईपासून एवढ्या लांबच्या गावानं ग्रंथालय काढावं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पतितपावन मंदिरात आम्ही जरा निवांत बसतो. सावरकरांना १९२४ मध्ये तुरुंगातून सोडलं ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही या अटीवर. ती स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. गांधीजी १९२७ च्या मार्चमध्ये रत्नागिरीला आले, तेव्हा सावरकरांना भेटले. सावरकरांच्याच प्रेरणेनं २२ फेब्रुवारी १९३१ ला हे मंदिर उघडलं. कुठल्याही जातीच्या हिंदूनं गाभाऱ्यापर्यंत जाऊन पूजा करावी, अशा उद्देशानं बांधलेलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. रत्नागिरीतल्या गरीब भंडारी घरातला मुलगा, मुंबईला जाऊन बांधकामाचा मोठा कंत्राटदार झाला. दादरच्या शिवाजी पार्कजवळची हिंदू स्मशानभूमी त्यांनीच उभारली. मी सोबतच्या मंडळींना म्हणते, सभामंडपात क्षणभर डोळे मिटा. १९३१ साली गावच्या जुन्या देवळांत ज्यांना बाहेरच थांबावं लागत होतं, ती माणसं याच फरशीवरून आत गेली. आमच्यात एकदा एक आजोबा होते. ते काही बोलले नाहीत. उठले, पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावून पुन्हा येऊन बसले.

जेवण झालं की थिबा पॅलेस. इथे मात्र मी घाई करू देत नाही.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला राण्या आणि दोन लहान मुलींसह जहाजात बसवलं. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी इथे रत्नागिरीत. कित्येक वर्षं ही मंडळी बंगल्यात राहिली. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. जांभा आणि विटांचं बांधकाम, आत सागवान, वरच्या मजल्यावर अर्धगोल खिडक्यांना रंगीत काचा. चार वाजायच्या सुमाराला ऊन तिरकं होतं आणि काचांतून येणारा लाल-निळा उजेड जमिनीवर पडतो, हळूहळू सरकत जातो. राजाला इथे सहा वर्षंच मिळाली. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. मायदेशी परतायचं त्याच्या नशिबात नव्हतं. त्याच्या गादीच्या शहरात, मंडालेच्या तुरुंगात, रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ कैदेत होते. रंगूनला आपला शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर १८६२ मध्ये कैदेतच वारला. इंग्रजांनी माणसं अशी इकडची तिकडे आणि तिकडची इकडे नेऊन ठेवली.

राजाच्या थोरल्या मुलीची गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण ती आमच्या गावची गोष्ट आहे. राजाकडे नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यावर तिचा जीव जडला. त्यांना मुलगी झाली, टुटू. १९१९ मध्ये राणी आणि बाकीचं कुटुंब ब्रह्मदेशाला परत गेलं. थोरली राजकन्या मात्र लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली आणि गरिबीत इथेच मरण पावली. टुटू इथेच वाढली, इथेच तिचं लग्न झालं, मुलंबाळं झाली. मराठी हीच तिची भाषा. राजाची नात, पण संसार अगदी हलाखीचा. २००० साली ती गेली. जुन्या रत्नागिरीकरांनी तिला पाहिलेलं आहे. राजवाड्यात येणारा प्रत्येक जण राजाच्या पलंगाची चौकशी करतो. मी त्यांना टुटूबद्दल सांगते आणि मगच खाली उतरते.

त्यानंतर शिवाजीनगरला राजाची समाधी. दगडी चौथरा, शेजारी धाकट्या राणीची. आजूबाजूला घरं झाली आहेत, कुणाच्या तरी दोरीवर कपडे वाळत असतात. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीच्या दर्शनाला येऊन गेले. एवढ्या लांबून माणसं येतात आणि आपल्यातल्या अनेकांना ही समाधी कुठल्या गल्लीत आहे ते विचारावं लागतं. निदान जाता-येता एक फूल तरी ठेवा, एवढीच माझी विनंती.

सूर्य कलला की मांडवी. भेळेच्या गाड्या लागलेल्या असतात, मुलं काळ्या वाळूत खेळत असतात. आम्ही जेटीच्या टोकाला जाऊन बसतो. आगबोटीच्या काळात बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. प्रवासी पडावात बसायचे, पडाव लाटांवर हेलकावत बोटीपाशी जायचा आणि मग शिडीवरून वर. बायका, ट्रंका, हापूसच्या पेट्या, नव्या नवऱ्या, सगळं तसंच चढायचं. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीच्या माणसांचा केवढा भरणा होता! भागोजीशेठही असेच मुंबईला गेले असणार, आणि त्यांच्यामागून हजारो जण. ज्या पाण्यापलीकडे थिबा राजाला कधी जाता आलं नाही, त्याच पाण्यावरून आमची माणसं पोट भरायला जात होती.

गेल्या मे महिन्यात आमच्याबरोबर गिरगावात राहणारे एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. मूळचे पेठकिल्ल्याचे. दिवसभर फारसं बोलले नव्हते. जेटीच्या टोकाला आल्यावर त्यांनी काठी नातवाच्या हातात दिली आणि बोटानं समुद्रात लांब एक जागा दाखवली. म्हणाले, "बोट तिथे उभी राहायची. मी सात वर्षांचा होतो. आई इथे उभी होती, तू आता उभा आहेस ना, तिथे. पडाव सुटल्यावर मी रडायला लागलो, तर तांडेलानं मला मांडीवर घेतलं आणि भाजलेले काजू दिले." नातवानं विचारलं, "मग आई?" आजोबा म्हणाले, "ती हात हलवत होती. अंधार पडेपर्यंत पांढरं पातळ दिसत होतं."

आम्ही उठलो तेव्हा दीपगृहाचा दिवा लागला होता. नातू अजून त्याच जागेवर उभा होता.