विजयानंतरचे दिवस

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी गौरवाचेच बोलावे असा रिवाज आहे, आणि आमच्याआधीच्या वक्त्यांनी आपल्या न्यासाचा गौरव यथायोग्य केलेला आहे. आम्ही पडलो शिक्षक. पहिल्या बाकावरच्या मुलाबरोबर शेवटच्या बाकाकडेही पाहण्याची आम्हाला सवय. तेव्हा आज विजयाविषयी थोडे आणि विजयानंतरच्या दिवसांविषयी अधिक बोलण्याची परवानगी असावी.

आपल्या वास्कोच्या टिळक मैदानावर गर्दी लोटते ती फुटबॉलसाठी. कुस्तीचे वेड घाटावरचे. तथापि खाशाबा जाधव हे नाव आपल्या मुलांनाही ठाऊक असले पाहिजे.

कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले, त्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. तांबड्या मातीत वाढलेल्या या गड्याला तेथे मॅटवर लढावे लागले. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा पुन्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या वर्षी २३ जुलै रोजी खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले; ते लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळविले.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल उधळला, हलग्या वाजल्या. आणि मग? मग खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले, बक्षिसाची रक्कम जमविली आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविले. बंधूंनो, येथे क्षणभर थांबू या. देशासाठी पदक आणले त्यांनी, आणि त्या पदकापायी झालेले कर्ज फेडले तेही त्यांनीच!

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, परंतु निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, अर्थात मरणोत्तर. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले. आमचे अब्बा सांगत की, मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याचा मोबदला त्याच्या हाती पडावा. येथे घाम वाळून अर्धे शतक लोटले होते.

हे एकट्या खाशाबांचे नशीब नव्हे. पंजाबचे मुष्टियोद्धे कौर सिंग १९८० साली दिल्लीत प्रत्यक्ष मुहम्मद अलींसमोर प्रदर्शनीय सामन्यात उभे राहिले. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच कौर सिंगांना हृदयाच्या उपचारासाठी कर्ज काढावे लागले. वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा लष्कराने मदत केली. २०२३ साली ते निवर्तले. अमेरिकेचे जो लुई १९३७ ते १९४९ पर्यंत जगाचे हेवीवेट विजेते होते. युद्धकाळात त्यांनी आपल्या लढतींची कमाई सैनिकांच्या मदतनिधींना दिली. पुढे कराच्या थकबाकीने त्यांना असे घेरले की, निवृत्तीनंतर पुन्हा रिंगणात उतरणे भाग पडले. १९५१ साली तरुण रॉकी मार्सियानोने त्यांना आडवे केले.

पण दूरचे दाखले कशाला? एक कबुली आम्हालाच द्यावयाची आहे. आमच्या वर्गात एक धिप्पाड मुलगा होता. मुष्टियुद्धात सलग दोन वर्षे पहिला आला. गणिताच्या तासाला तो नसे, आणि आम्ही म्हणत असू, ‘जाऊ द्या, सामने आहेत.’ निबंध कोरा दिला तरी आम्ही त्याला पुढच्या वर्गात ढकलले. त्याच्या यशाने आमचीही छाती फुगत होती ना! विसाव्या वर्षी त्याचा खांदा निखळला, आणि खेळ संपला. गेल्या वर्षी बस स्टँडवर तो भेटला. बंदरात हमाली करतो. बँकेचा एक कागद पुढे करून तो हळूच म्हणाला, “सर, एवढे भरून द्याल?” आम्ही भरून दिला. त्याच्या घरच्या भिंतीवर जे प्रशस्तिपत्र आहे, त्याच्यावरही सही आमचीच आहे. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

डिचोलीकडच्या मंडळींना हे निराळे सांगावयास नको. खाणी चालू होत्या तोवर ट्रकवाल्याला जो तो शेठ म्हणे. २०१२ साली खाणी थांबल्या आणि शेठांच्या दारातले ट्रक गंजू लागले. बळकट दिवस जातात, पोट मात्र मागे राहते.

म्हणून विश्वस्तांपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. ज्या विद्यार्थ्याला आपण ढाल देऊ, त्याच्या शिकवणीचीही सोय करावी. ती शिकवणी आम्ही स्वतः विनामूल्य घेऊ. शाल-श्रीफळांवर होणाऱ्या खर्चातून काही रक्कम जुन्या खेळाडूंच्या औषधपाण्यासाठी वेगळी ठेवावी. आणि पन्नास वर्षांत आपण ज्यांचे सत्कार केले, त्यांच्या घरी वर्षातून एकदा तरी कोणी जाऊन यावे, आणि गेल्याचा गवगवा करू नये.

मिरवणुकीला शंभर गाड्या मिळतात. मिरवणूक संपल्यावर एक माणूस दाराशी यावा, एवढेच मागणे आहे. ते काम आपल्या न्यासासारख्या संस्थांचेच होय.