पाहुणचाराचा हिशेब : स्वागताध्यक्षांचे भाषण



नव्या वस्तीच्या सोयींसाठी विकास शुल्क कसे आकारावे, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेच्या स्वागताध्यक्षपदी माझी योजना झाली, ती मी नगररचनाशास्त्राचा जाणता आहे म्हणून खास नव्हे. या गावात चाळीस वर्षे विनातक्रार घरपट्टी भरणारा आणि तितकीच वर्षे पाण्याविषयी तक्रार करणारा एक जुना रहिवासी, एवढीच माझी योग्यता स्वागत समितीने पाहिली असावी. त्या योग्यतेच्या आधारे मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

स्थानकावरून इकडे येताना आपण पाहिलेच असेल की, जुन्या पेठा जेथे संपतात तेथून पुढे, काल-परवापर्यंत ज्या जमिनींत ज्वारी उभी असे, त्या बिनशेती होऊन त्यांवर सात-सात मजल्यांच्या इमारती उठल्या आहेत. त्यांच्या दारांवरील वास्तुशांतीची तोरणे अजून वाळलेली नाहीत, आणि दाराशी टँकर मात्र उभा आहे. शंभर सदनिकांची एक इमारत, घरटी चार माणसे आणि दरडोई दररोज १३५ लिटर हे सर्वमान्य प्रमाण धरले, तर एकट्या त्या इमारतीला नित्य ५४,००० लिटर पाणी लागते, आणि त्यातील सुमारे शेकडा ८० भाग सांडपाणी होऊन परत आपल्याच गटारांत येतो. हा भार कोणी वाहावा, जुन्या रहिवाशाने की नव्या, हा आजच्या परिषदेपुढील मूळ प्रश्न आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. सार्वजनिक सुधारणेमुळे ज्याच्या जमिनीचे मोल वाढते त्याने त्या खर्चाचा वाटा उचलावा, हे तत्त्व १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमानेच मान्य केले होते. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, यात १९९२ साली विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, आणि वसूल झालेली रक्कम वेगळ्या विकास निधीत जमा करून ती सार्वजनिक सोयींकडेच लावावी, असा दंडकही त्यात आला. परंतु चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरांपुढे अठरा विषयांची यादी ठेवली, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर येताच मुंबईची उरलीसुरली जकातही गेली. कामे वाढत गेली आणि हक्काची मिळकत आटत गेली. अशा स्थितीत नव्या इमारतीचा नकाशा पुढे येताच पालिकेला त्यात प्रथम तिजोरी दिसावी, याचे नवल नाही. पण त्याचे समर्थनही करता येणार नाही.

या परिषदेचेच उदाहरण घ्या. आपणांकडून आम्ही प्रतिनिधी-शुल्क घेतले, ते येणाऱ्यांची संख्या मोजून, भोजन व निवास यांचा अंदाज बांधून आणि त्याची रास्त वाटणी करून. जे आपल्या आप्तांकडे उतरणार होते त्यांच्याकडून निवासाचा आकार घेतला नाही. या सभागृहाचे छप्पर गेले दोन पावसाळे गळते आहे, आणि त्याची दुरुस्ती आपल्या माथी मारण्याचा मोह आम्हांला झालाच नाही असे म्हणवत नाही. परंतु ते छप्पर आपल्या येण्याने फुटलेले नव्हते. आणि भोजनाचे पैसे आज घेऊन पंगत पुढील वर्षी वाढू, असे सांगण्याचे धाडस तर कोणत्याच यजमानाला होणार नाही.

विकास शुल्काची मीमांसा मला इतक्यातच सामावलेली दिसते. नव्या वस्तीने जेवढा भार वाढतो तेवढाच आकार घ्यावा; ज्याने रस्ता किंवा सांडपाण्याची योजना स्वतः करून दिली त्याला तेवढी वजावट मिळावी; जुन्या फुटक्या जलवाहिन्यांची दुरुस्ती सर्व करदात्यांच्या पैशांतून व्हावी; आणि काम कोणत्या मुदतीत होणार, हे परवानगीच्या कागदावरच लिहिलेले असावे.

आज हे शुल्क वार्षिक बाजारमूल्य तक्त्याशी, म्हणजे ज्याला आपण सारे रेडी रेकनर म्हणतो त्याशी, बांधलेले आहे. हिशेबाला ही रीत सुटसुटीत खरी. परंतु महागड्या पेठेतील कुटुंबाला तहान अधिक लागते असे काही नाही, आणि उलट गावाच्या टोकाला, जेथे जमीन स्वस्त पण जलवाहिनी लांबवर न्यावी लागते, तेथे खर्च मोठा असूनही वसूल तोकडाच राहतो. कॅलिफोर्नियात १९७८ साली मालमत्ताकरावर कडक मर्यादा आल्यानंतर तेथील नगरांनी अशाच शुल्काचा आधार घेतला. पुढे तेथील एका परगण्याने एका गृहस्थाकडून एका घराच्या परवानगीसाठी रहदारीपोटी २३,४२० डॉलर घेतले, तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२४ साली न्यायालयाने एकमताने सांगितले की, शुल्क कायदेमंडळाने ठरविले एवढ्यावरून ते भार व आकार यांच्या संबंधाच्या कसोटीतून सुटत नाही. ती कसोटी आपण न्यायालयाची वाट न पाहता स्वतःच लावून घ्यावी, असे मला वाटते.

आमच्या व्यवस्थेत उणिवा राहिल्या असतील. त्यांबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी क्षमा मागतो. आपल्या प्रतिनिधी-शुल्काचा जमाखर्च, पै-पैच्या तपशिलासह, उद्या सायंकाळी याच सभागृहाच्या दारावर लावण्यात येईल. तो आपण अवश्य वाचावा, आणि घरी परतल्यावर आपापल्या नगरपालिकेच्या दारावर विकास निधीचा तसाच एक कागद लावून घ्यावा, एवढी विनंती करून मी अध्यक्ष महाराजांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची प्रार्थना करतो.