आधी गिऱ्हाईक, मग कर्ज, शेवटी अनुदान

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं तेच मुळी गणितापासून सुटका व्हावी म्हणून. त्यामुळे 'बिनमातीची शेती आणि बँकेचं कर्ज' या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर घरचेही हसले. पण या विषयानं माझी जेवढी झोप उडवली, तेवढी कुठल्याही कवितेनं उडवलेली नाही. कारण साधं आहे. कर्ज माझ्या भाच्याचं, गहाण पडणार होती ती माझ्या आपाची जमीन, आणि जामीनदार म्हणून सही माझी.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. भावजी गेल्यावर आपाच्या वाट्याला अडीच एकर आणि एक विहीर आली. मार्च उजाडला की विहीर तळ दाखवते. भाचा शेतकी पदविका झालेला. एक दिवस म्हणाला, "मामू, मातीशिवाय शेती करायची. हायड्रोपोनिक्स." नळ्यांमधून अन्नद्रव्यं मिसळलेल्या पाण्याची पातळ धार सोडायची, रोपांची मुळं त्या धारेत. तेच पाणी पुन्हा टाकीत येतं, पुन्हा फिरतं. त्यामुळे पाणी फार थोडं लागतं. आमच्या भागात याहून मोठं आमिष कोणतं?

यंत्रसामग्री विकणाऱ्या एका माणसानं त्याला चाळीस पानांचा प्रकल्प अहवाल फुकटात करून दिला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. हिशेब असा: दहा गुंठ्यांचं हरितगृह, खर्च ३० लाख. पैकी ५० टक्के अनुदान, म्हणजे १५ लाख. आपले साडेसात लाख, बँकेचे साडेसात लाख. भाचा म्हणाला, "मामू, साडेसात लाखांचं तर कर्ज. दीड वर्षात फेडतो."

आम्ही बँकेत गेलो. शेतीकर्ज बघणाऱ्या मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी अहवाल शांतपणे चाळला आणि म्हणाल्या, "काका, अनुदान आधी मिळत नाही. काम पूर्ण होतं, तपासणी होते, मग ते येतं. तोवर हा खर्च कोण करणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे आपले साडेसात लाख, आणि कर्ज साडेसात नव्हे, तर साडेबावीस लाख! नऊ टक्के दर धरला तरी पहिल्या वर्षाचं व्याजच दोन लाखांच्या वर. शिवाय अनुदान विक्रेत्याच्या कोटेशनवर मिळत नाही. सरकारनं दर चौरस मीटरला खर्चाचा मापदंड ठरवलेला असतो, त्यावर ते काढतात. कोटेशन मोठं म्हणून अनुदान मोठं होत नाही.

श्रोतेहो, इथे थोडं थांबून ही वाट समजून घेऊ. फलोत्पादन अभियानाच्या २०२५ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत हायड्रोपोनिक्सचा समावेश झाला आहे. त्यासाठी कृषी विभागाकडे ऑनलाइन अर्ज करायचा. पण पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी एक खांबही रोवायचा नाही. आधी उभारणी आणि मग अर्ज केला, तर अनुदानावर पाणी सोडावं लागतं. भाच्यानं लोखंडी सांगाड्याचा इसार द्यायची तयारी केली होती. वेळेवर थांबला.

राष्ट्रीय बागवानी मंडळाची वाट वेगळी. तिथलं अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं. ते आपल्या हातात येत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात राहतं, तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, आणि कर्ज फिटत आलं की ते शेवटी वळतं होतं. तिसरी सोय म्हणजे २०२० साली सुरू झालेला कृषी पायाभूत सुविधा निधी. हे अनुदान नव्हे, व्याजातली सवलत आहे. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के, जास्तीत जास्त सात वर्षं. त्या कर्जाला सरकारी पतहमीचीही तरतूद आहे. बँकेत गेल्यावर तिचं नाव घेऊन विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही.

आता मॅडमच्या तीन प्रश्नांकडे येतो. त्या तीन प्रश्नांनी आमची जमीन वाचवली, असं मी मानतो.

पहिला प्रश्न: वीज गेली तर? त्या पातळ धारेच्या पद्धतीत मुळांना मातीचा आधार नसतो. उन्हाळ्यात पंप बंद पडला तर काही तासांत रोपं माना टाकतात. चाळीस पानांच्या अहवालात जनरेटर नव्हता.

दुसरा प्रश्न: मे महिन्यात काय? लेट्यूससारख्या पालेभाज्यांना थंडावा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे. टाकीतलं पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मुळं सडू लागतात. अहवालात मात्र बारा महिने सारखंच पीक आणि सारखाच भाव.

तिसरा प्रश्न: घेणार कोण? यावर भाचा म्हणाला, "पुण्याची हॉटेलं." मॅडमनी विचारलं, "कोणती?"

कवितेत न लिहिलेली ओळ रसिक भरून काढतो. प्रकल्प अहवालात न लिहिलेला खर्च आपल्याला भरावा लागतो.

भाचा हिरमुसला, पण हट्टी नाही. पुण्याला जाऊन आठ दिवस हॉटेलांना माल पुरवणाऱ्यांकडे फिरला. कळलं ते असं की, परदेशी पालेभाज्या क्विंटलनं नव्हे, किलोनं जातात. रोज, न चुकता हव्या असतात. आणि पैसे महिना-दीड महिन्यानं. म्हणजे उभारणीच्या कर्जाबरोबर रोजच्या खर्चासाठी खेळतं भांडवलही हवं. मग तळेगाव दाभाड्याच्या प्रशिक्षण केंद्रातून हरितगृहाचा अभ्यासक्रम करून आला आणि नवा अहवाल स्वतःच्या हातानं लिहिला. दहाऐवजी पाच गुंठे. नळ्यांऐवजी नारळाच्या भुशाच्या पिशव्या, कारण भुसा ओल धरून ठेवतो, वीज गेली तरी थोडी उसंत मिळते. पीक बिनबियांची काकडी आणि चेरी टोमॅटो, पालेभाजी फक्त थंडीत. मे महिना रिकामा धरलेला. जनरेटर धरलेला. खर्च १२ लाख. आपले तीन, बँकेचे नऊ. उत्पन्नाच्या रकान्यात अनुदानाचा एक रुपयाही नाही.

मॅडम म्हणाल्या, "आता यावर बोलता येईल." हप्ता दरमहा न ठेवता तिमाही ठेवला, उन्हाळ्याचा हप्ता लहान.

राहिली आपा. आमच्या अब्बांनी आयुष्यभर व्याजाच्या पैशाला हात लावला नाही, आणि आपाचंही मन तेच सांगत होतं. दोन रात्री तिनं कुणाशी धड बोलणं केलं नाही. तिच्या श्रद्धेवर निकाल देणारा मी कोण? मी फक्त दोन्ही अहवाल तिला वाचून दाखवले, जुना आणि नवा. शेवटी तीच म्हणाली, "घ्यायचंच असेल तर लवकर फिटेल एवढंच घ्या. आणि गहाण सगळं रान नको." सुधारित कर्जाला अर्धा एकर तारण पुरलं. दोन एकर मोकळं राहिलं. साडेबावीस लाखांना अडीच एकरही पुरलं नसतं.

आज सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा चढलेला आहे. आपा अधूनमधून तो उतारा काढून बघते. काकडी सोलापुरातच खपते, पुण्याला थोडा टोमॅटो जातो. पहिल्या तोड्यात पानांवर रोग आला, एक हप्ता माझ्या पेन्शनीतून गेला. त्यानंतरचे तीन भाच्यानं वेळेवर भरले. अनुदानाची पूर्वसंमती मिळाली, तपासणी झाली, रक्कम अजून यायची आहे. येईल तेव्हा येईल. त्या पैशावर घरातली चूल अवलंबून नाही, हीच आमची कमाई.

श्रोतेहो, तुमच्या घरातला कुणी तरुण असा रंगीत अहवाल घेऊन आला, तर त्याला हिणवू नका. एवढंच विचारा, "यातलं अनुदान खोडून हिशेब परत कर बघू." खोडल्यावरही धंदा उभा राहत असेल, तर त्याच्यासोबत बँकेत जा. राहत नसेल, तर त्याच्याजवळ बसा आणि तो लहान करा. बोजा चढवायला एक सही पुरते. उतरवायला वर्षं लागतात.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)