रंगीत गोळ्यांची काचेची नळी



मागच्या दोन कार्यक्रमांनंतर तुमच्यापैकी काही जणींनी एकच प्रश्न विचारला. भेटवस्तूंच्या दुकानात काचेची उभी नळी मिळते, आत पाण्यासारखा द्रव आणि त्यात लाल, निळे, हिरवे, पिवळे गोळे. गॅलिलिओ थर्मामीटर म्हणतात तिला. घरात ठेवायला, वास्तुशांतीला द्यायला घ्यावी का? आम्ही कार्यक्रम करणाऱ्या चौघी त्यावर बोलायला बसलो, आणि आमच्यातल्याच एकीच्या घरची गोष्ट निघाली.

तिच्या भाचीने जर्मनीहून येताना अशी नळी आणली. महिना डिसेंबर, गाव विदर्भातलं. सकाळी थंडीत सगळे गोळे वर जमायचे, दुपारी एकेक खाली उतरायचा. शेजारपाजारच्या बायका बघायला यायच्या. सासूबाईंना तर इतकी आवडली की ती त्यांच्याच खोलीत, फळीवर गेली. मार्च सुरू झाला तसे पाचही गोळे तळाला जाऊन बसले ते बसलेच. घरच्यांनी मानलं, बिघडली.

बिघडली नव्हती. तिचं काम समजून घेतलं की हे लक्षात येतं. द्रव तापला की फुगतो आणि हलका होतो. काचेचे गोळे मात्र फारसे फुगत नाहीत. प्रत्येक गोळ्याखाली धातूची चकती लटकवलेली असते आणि तिच्यावर आकडा असतो. चकत्यांच्या वजनात अगदी बारीक फरक ठेवलेला असतो. हवा त्या आकड्यापेक्षा गरम झाली की तो गोळा बुडतो, थंड झाली की वर येतो. समजा, १८, २० आणि २२ खाली आहेत, २४ आणि २६ वर. म्हणजे खोलीत २२ ते २४ अंशांच्या मधलं तापमान आहे. एखादा गोळा मधेच तरंगत राहिला तर त्याचाच आकडा वाचायचा. रंगाचा तापमानाशी काही संबंध नाही, तो केवळ शोभेचा.

नावाचीही गंमत आहे. गॅलिलिओ १६४२ साली वारला. अशी साधनं घडवली ती त्याच्या मागून, फ्लोरेन्समध्ये १६५७ साली सुरू झालेल्या प्रयोग करणाऱ्या विद्वानांच्या मंडळाने. गोळे इतके सावकाश हलायचे की त्यांनी तिला चक्क आळशी तापमापक म्हटलं होतं. करणारे एक आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही!

आता मुद्द्याचं. बाजारातल्या साध्या नळीत बहुधा पाच गोळे असतात आणि आकडे १८ ते २६ असे. थंड मुलखातल्या बंद घराला ते पुरतात. आपल्याकडे २६ च्या वर काय चाललंय, २८ की ४१, हे ती सांगूच शकत नाही. आणि आपल्याला आकडा हवा असतो तो नेमका तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की उन्हाळ्यात खोली दिवसा ३२ अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करावा, तान्ही बाळं आणि साठीपुढची माणसं असतील तर विशेष करून. ४० च्या वर गेल्यावर तर पंख्याची हवाच अंगाला तापवते.

सासूबाईंच्या खोलीत नेमकं हेच होत होतं. पत्र्याखालची खोली, खिडकी लावलेली, पंखा फुल्ल. एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, खोलीत किती तापमान असतं? कोणाला सांगता येईना. फळीवर थर्मामीटर होता आणि तरी सांगता येईना, हे आमची मैत्रीण अजून बोलून दाखवते. संध्याकाळी लाल रेघेचा, पन्नासपर्यंत आकडे असलेला साधा थर्मामीटर आणून भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ४१ वर होता. त्याच दिवशी सासूबाईंची खाट पुढच्या खोलीत, कूलरजवळ आली.

म्हणून आमचं मत सांगतो. नळी शोभेसाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण सोबत साधा थर्मामीटर घ्याच, आणि म्हाताऱ्या माणसांच्या, बाळंतिणीच्या खोलीत तोच लावा. एकच परवडत असेल तर नळी राहू द्या.

घेताना चकत्या वाचा. काहींवर ६४, ६८ असे फॅरनहाइटचे आकडे असतात, घरी आणल्यावर डोकं चक्रावतं. जास्त गोळ्यांच्या मोठ्या नळ्या येतात, पण त्यांचाही वरचा आकडा बघूनच पैसे द्या. द्रवाच्या वर थोडी मोकळी जागा हवी, नाहीतर फुगायला वाव राहत नाही आणि काच तडकू शकते. म्हणूनच ती उन्हात, खिडकीत ठेवू नका. घरी आणल्यावर तासभर साध्या थर्मामीटरशेजारी ठेवून ताडून बघा, मात्र हे थंडीतच जमेल.

शेवटी काळजीचं. आतला द्रव पाणी नसतो. पुष्कळदा तो रॉकेलच्या जातीचा तेलकट किंवा स्पिरिटचा असतो, म्हणजे पेट घेणारा. देव्हाऱ्यातल्या निरांजनाजवळ, गॅसजवळ नळी नको. फुटली तर खिडक्या उघडा, जवळची आग विझवा, मुलांना बाहेर काढा आणि मग काचा उचला. एखाद्या मुलाच्या तोंडात द्रव गेलाच तर उलटी करवू नका, तसंच उचलून लगेच दवाखान्यात न्या. आमच्या मैत्रिणीने तिची नळी आता कपाटावर, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवली आहे. गोळे तळाशी आहेत. नोव्हेंबरात वर येतील.