कमानीआधी मेस

कमानीच्या वर्गणीआधी दोन मिनिटं माझं ऐका. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. फोटो मात्र आपण भाऊरावांचाच लावतो!

आपल्या वर्गातलीही कितीतरी मुलं बोर्डिंगात होती. रविवारी घरून आलेली चटणी बुधवारपर्यंत पुरवायची. आज मुलींच्या वसतिगृहात मेसचे पैसे महिनाअखेरीस संपतात. कमान पुढच्या वर्षी बांधू की! माझी वर्गणी मेसच्या नावावर लिहून घ्या.