साटीन टाक्याचा ओनामा

भरतकामातील जो टाका पाहणाराला सर्वांत सोपा वाटतो आणि शिकणाराला सर्वांत अधिक छळतो, त्या साटीन टाक्यासंबंधी या व्याख्यानात विचार करावयाचा आहे. साखळी टाक्यात निदान सुई कोठून निघून कोठे गेली हे समजून घ्यावे लागते. गाठीच्या टाक्यात दोऱ्याचे वेढे मोजावे लागतात. साटीन टाक्यात समजून घेण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. आकृतीच्या एका कडेवर सुई वर काढावयाची, समोरच्या कडेवर ती खाली घालावयाची आणि पुन्हा पहिल्याच कडेवर, आधीच्या टाक्याला अगदी खेटून, वर आणावयाची. एवढे सांगून शिक्षिका पुढच्या मुलीकडे वळते. तासाभराने पाहावे तो पानाच्या कडेला करवतीसारखे दात आलेले असतात, टाक्यांमधल्या फटींतून छापाची निळी रेघ डोकावत असते आणि कापड मधोमध आक्रसून त्याला चुण्या पडलेल्या असतात. सांगितले तसेच सर्व केले, तरी असे का व्हावे, हा नवशिकीचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाक्याच्या कृतीत नसून हाताच्या ओढीत आहे.

चेन्नईसारख्या शहरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे भरतकाम शिकावयास येणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळींच्या दृष्टीने तो फावल्या वेळेचा छंद नसतो. लग्नसराईत नवरीच्या रेशमी चोळीवर भरतकाम करून देण्याचे काम घरबसल्या मिळते, आणि त्याचा मोबदला नगावर ठरतो, तासांवर नाही. उसवण्यात गेलेला वेळ कोणी मोजून देत नाही. बिघडलेला टाका दहाव्या टाक्यापाशी ध्यानात आला तर पाच मिनिटांचे नुकसान होते. शंभराव्यापाशी आला तर दुपार जाते, आणि वारंवार सुया टोचल्यामुळे रेशमी कापडाला पडलेली छिद्रे बुजत नाहीत, ती वेगळीच. तेव्हा चांगला टाका घालता येणे जितके महत्त्वाचे, तितकेच वाईट टाका लवकर ओळखता येणे महत्त्वाचे. किंबहुना शिकण्याच्या पहिल्या महिन्यात दुसरीच गोष्ट अधिक मोलाची म्हणावी लागेल.

या शहरात आज आरीकामाचे वर्ग अधिक भरतात, हे खरे. मोठ्या चौकटीवर ताणलेल्या कापडातून आकड्याच्या सुईने खालचा दोरा वर ओढून साखळी घालीत जाणे सराव झाल्यावर फार भराभर चालते, आणि मणी-टिकल्याही त्याच ओघात बसविता येतात. म्हणून हातसुईचा साटीन टाका शिकण्यात वेळ का घालवावा, असे विचारले जाते. परंतु आरीची साखळी कितीही बारीक घातली तरी तिच्यावर प्रकाश तुटक पडतो. पाकळीवर एकसंध झळाळी हवी असेल तर दोरे एकमेकांना समांतर, सपाट आणि न तुटता कडेपासून कडेपर्यंत गेले पाहिजेत. साटीन टाक्याचे सारे सौंदर्य या प्रकाशात आहे. एकाच लडीतला एकाच रंगाचा दोरा दोन दिशांनी भरला तर डोळ्यांना तो दोन छटांचा दिसतो. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट तिरके टाके घातलेले पान एकाच हिरव्या रंगात उजेड आणि सावली दाखविते.

नावही या झळाळीवरूनच आले. साटीन कापडासारखा दिसणारा तो साटीन टाका. खुद्द साटीन हा शब्द चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील च्वानचौ बंदराच्या ‘झैतून’ या अरबी नावापासून निघाला, असे सामान्यतः मानले जाते. चेन्नईच्या श्रोत्यांना हे बंदर अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. तेथे तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती, आणि त्यांच्या शिवमंदिराशी संबंधित असा १२८१ सालचा तमिळ व चिनी अक्षरांतील शिलालेख तेथे सापडला आहे. पुढे चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या पारशी कुटुंबांनी जे ‘गारा’ आणले आणि आपलेसे केले, त्यांवरील पक्षी आणि फुले याच टाक्याने भरलेली असतात. हिमाचलातील चंबा रुमालावर तर हा टाका असा दुहेरी घातला जातो की सुलट आणि उलट बाजू ओळखू येऊ नये. पण चंब्याच्या रुमालावरून नवशिकीने सुरुवात करू नये. तिने एका पानावरून करावी.

आता साहित्याकडे वळू. कापड घट्ट विणीचे, न ताणणारे सुती असावे. पॉपलीन किंवा केंब्रिक चालते. विरळ मलमलीवर कडेचे भोक रुंदावते आणि रेघ हलते. नव्या कापडातली खळ आधी धुऊन काढावी. सुईच्या बाबतीत तामिळनाडू सुदैवी आहे : निलगिरीतील केट्टी येथे १९४९ साली स्थापन झालेल्या नीडल इंडस्ट्रीज या कारखान्याच्या पोनी छापाच्या सुया देशभर पोचल्या. (त्याच डोंगरांतील तोडा स्त्रिया जाड्या पांढऱ्या कापडावर लाल-काळ्या दोऱ्यांनी भरतात, त्यांना छापाची गरज लागत नाही, त्या कापडाचे धागे मोजून भरतात. तोडा भरतकामाला २०१३ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. साटीन टाक्यात मोजणे नाही, सारे डोळ्याच्या अंदाजावर चालते, म्हणूनच तो टाका नवशिकीला अधिक अवघड जातो.) दोराही फार दुरून आणावा लागला नाही. अँकर छापाचा सहापदरी सुती दोरा ज्या मदुरा कोट्स कंपनीच्या नावाशी दीर्घकाळ जोडलेला राहिला, ती मदुराईच्या जुन्या गिरणीतून १९७४ सालच्या विलीनीकरणाने आकाराला आली.

सहापदरी दोरा तसाच्या तसा ओवणे ही पहिली चूक. लडीतून बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत जेवढा येईल तेवढाच दोरा कापावा, त्यातले पदर एकेक करून ओढून सुटे करावेत आणि त्यांतले दोनच पुन्हा शेजारी शेजारी ठेवून ओवावेत. सुटे करून पुन्हा जोडलेले पदर कापडावर सपाट पसरतात. मूळच्या पिळासकट ओवलेले पदर दोरीसारखे उभे राहतात आणि दोन टाक्यांत फट सोडतात. याहून लांब दोरा घेऊन ओवण्याचा त्रास वाचविता येत नाही. कापडातून शेकडो वेळा घासून तो केसाळ होतो, आणि केसाळ दोऱ्याला झळाळी नसते.

आकृती काढताना शिक्षिकांनी एक पथ्य पाळणे अवश्य आहे, आणि ते क्वचितच पाळले जाते. नमुन्याच्या पुस्तकातला मोर किंवा मोठे कमळ पहिल्याच दिवशी देऊ नये. मोराने विद्यार्थिनी खूश होते आणि आठवड्यात वर्ग सोडते. पहिली आकृती बदामाएवढ्या पानाची असावी; रुंदी एक सेंटिमीटरच्या आतच असावी. त्याहून लांब टाका कापडावर सुटा लोंबतो, बांगडीत अडकतो, धुण्यात ओढला जातो. अधिक रुंद जागा भरावयाची असेल तर ती शिरेने दुभागावी, नाही तर तिथे लांब-आखूड टाका वापरावा.

छाप उठविल्यावर लगेच भरावयास बसू नये. प्रथम रेघेवरून बारीक उलटी टीप घालून घ्यावी. ही टीप शेवटी दिसणार नसते, आणि म्हणूनच घाईच्या विद्यार्थिनी ती वगळतात. परंतु कडेची करवत होते ती बहुतेक तिच्याचमुळे, म्हणजे तिच्या अभावी. टीप घातली म्हणजे बोटाला कड जाणवते, आणि सुई टिपेच्या अगदी लगत बाहेरच्या अंगाला उतरवून तिला टाक्याखाली झाकून टाकता येते. पाकळी फुगीर हवी असेल तर टिपेच्या आत धावदोऱ्याचे भरण घालावे. मात्र त्याची दिशा वरच्या टाक्यांच्या आडवी असावी, नाही तर वरचे टाके भरणाच्या फटींत बुडून जातात. तेरेझ द दिलमाँ या ऑस्ट्रियन बाईंनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या भरतकाम-शिवणकामाच्या बृहद्‌ग्रंथात उठावाच्या भरीव टाक्याचा सविस्तर विचार आहे, आणि पाश्चात्य पद्धतीने शिकलेल्या हातांनी हे भरणाचे तंत्र पुढे नेले.

यानंतर प्रत्यक्ष टाका. पानाच्या टोकापासून सुरुवात न करता, जेथे पान सर्वांत रुंद आहे तेथून करावी. तेथे घातलेला पहिला तिरका टाका पुढच्या सर्व टाक्यांचा मोजदंड ठरतो. तेथून एका टोकापर्यंत भरीत जावे, मग उलट बाजूच्या टाक्यांखालून सुई सरकवून पुन्हा मध्यावर यावे आणि दुसरा अर्धा भाग पुरा करावा. टोकापासून आरंभ केला तर तिरकेपणा हळूहळू मावळत जातो आणि पानाच्या देठापाशी टाके आडवे झालेले आढळतात. तो दोष भरणाराच्या ध्यानात येत नाही, पाहणाराच्या येतो. नवशिकीने पेन्सिलीने तीन-चार तिरप्या रेघा आधी आखून घेतल्या तर त्यात कमीपणा काही नाही.

सुई कापडातून तिरपी ओवून एका हालचालीत दोन्ही भोके करण्याचा मोह टाळावा. कापड कड्यात नगाऱ्यासारखे ताणून सुई उभी खाली घालावी, खालच्या हाताने घ्यावी आणि उभीच वर आणावी. वर येणे नेहमी एकाच कडेवर. असे केल्याने उलट बाजूलाही सुलट बाजूइतकाच दोरा लागतो, आणि काटकसरी विद्यार्थिनी लवकरच शोधून काढते की दोरा खाली गेला त्याच कडेवर लगेच वर काढला तर जवळजवळ निम्मा दोरा वाचतो. ती युक्ती खोटी नाही, जाणकारही ती वापरतात. परंतु त्या रीतीत टाक्याला खालून पूर्ण वेढ्याचा आधार मिळत नाही आणि कड ढिली पडू लागते. आधी पूर्ण वेढ्याचा टाका हातात बसावा, मग काटकसर करावी.

ओढ किती असावी, हे शब्दांत सांगणे कठीण. चेन्नईच्या मुलींना ते एका वेगळ्या मार्गाने ठाऊक असते. मैलापूरच्या देवळाबाहेर किंवा घरच्या ओसरीवर मोगऱ्याचे सर गुंफताना केळीच्या सोपटाचा धागा आवळला तर देठ तुटतो, सैल ठेवला तर फूल गळते. आठ-दहा वर्षांची मुलगीही ही मधली ओढ बोटांनी जाणते, तिला ती कोणी मोजून दाखविलेली नसते. साटीन टाक्याची ओढ तिच्या फार जवळची आहे. दोरा कापडाला टेकला की थांबावे. टेकल्यानंतरची अर्ध्या बोटाची ओढच चुण्या पाडते. दोन पदर एकमेकांवर चढू लागले तर टाका खाली उतरण्यापूर्वी जाड सुईच्या पाठीने त्यांना शेजारी निजवावे. आणि दर आठ-दहा टाक्यांनी कापड उलटे धरून सुई लोंबकळू द्यावी, म्हणजे साठलेला पीळ आपोआप उलगडतो.

समुद्राकाठच्या या शहराची हवा भरतकामाला फारशी अनुकूल नाही. घामाने बोटे ओलसर होतात, सुई घसरते, आणि फिकट दोऱ्याची झळाळी दुपारपर्यंत मळकट होते. हात वारंवार धुवावेत, बोटांना किंचित पावडर लावावी. काम संपल्यावर सुई कापडात टोचून ठेवू नये. खाऱ्या दमट हवेत तिला गंज चढतो आणि गंजाचा ठिपका कापडावरून जात नाही. कडेही काढून ठेवावे, त्याचा गोल वळ धुऊनही जाता जात नाही.

यंत्राचा प्रश्न टाळून चालणार नाही. संगणकाने चालणारी अनेक डोक्यांची यंत्रे दोन दोऱ्यांच्या नागमोडी टिपेने याच नावाचा टाका घालतात, आणि स्वस्त चोळीच्या बाबतीत त्यांच्याशी हाताने स्पर्धा करणे व्यर्थ आहे, असे स्पष्ट सांगितलेले बरे. पण स्वस्त कामाच्या पलीकडेही बाजार आहे. पॅरिसच्या प्रसिद्ध भरतकाम-पेढीच्या लेसाज घराण्यातील ज्याँ-फ्रांस्वा लेसाज यांनी १९९३ साली चेन्नईतच सहकाऱ्यांसह ‘वस्त्रकला’ ही कर्मशाळा सुरू केली. येथील कारागिरांचे हात त्यांना पॅरिसहून येथवर घेऊन आले. घरी एकटीने शिकणाऱ्या स्त्रीपासून ती कर्मशाळा दूर आहे, हे खरे. तिच्यासमोरचा बाजार शेजारच्या शिंप्याचा आहे. पण तो शिंपीसुद्धा चोळी हातात घेतल्यावर आधी ती उलटी करून पाहतो, आणि गाठींचा गुंता दिसला की भाव पाडतो. म्हणून आरंभी गाठ मारू नये. कडेच्या टिपेखालून दोरा दोनदा सरकवून अडकवावा आणि शेवटही तसाच करावा.

पहिला नमुना पुरा झाला म्हणजे तो थंड पाण्यात धुवावा. लाल आणि गडद निळा दोरा असल्यास त्याचा एक तुकडा पांढऱ्या चिंधीवर ओला दाबून रंग सुटतो की नाही हे आधीच पाहावे. सावलीत वाळवून, किंचित ओलसर असतानाच, जाड पंचावर पालथा ठेवून उलट बाजूने इस्त्री फिरवावी, म्हणजे उठाव दबत नाही. नंतर खिडकीपाशी उभे राहून कापड हळूहळू फिरवावे. एखादा टाका ओढीने वेगळा पडला असेल तर तेवढ्यापुरती झळाळी तुटलेली दिसते. तो टाका न उसविता त्याच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी, आणि रुमालाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर तेच पान नव्याने आखून घ्यावे. या खेपेस दोनाऐवजी एकाच पदराने.