भट्टी आणि शस्त्रांचा कायदा
(चिकलठाणा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



लोहाराच्या ऐरणीवर विळा घडतो, तशी तलवारही घडू शकते. लोखंड तेच, घणही तोच. कायद्याने मात्र दोहोंत भेद केला आहे आणि तो आपल्या तरुणांस ठाऊक असणे आता अगत्याचे झाले आहे.

१९५९ चा शस्त्र अधिनियम केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तूंस शस्त्र मानीत नाही. त्याखालील नियमांच्या यादीत तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांच्याबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरेही येतात. घरकाम, शेती वा कारखान्याच्या कामासाठी घडविलेली पाती तेवढी वगळली आहेत. तेव्हा ऊसतोडीच्या कोयत्यास बाध नाही. पण तोच कोयता मध्यरात्री सदऱ्याखाली लपवून नेणारा ऊस तोडावयास निघाला होता, असे कोण मानील? शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये मनाई हुकूम जारी असता साधी काठी घेऊन फिरणेही गुन्हा ठरू शकते.

आणि शस्त्र अधिनियमाचे ५ वे कलम तर थेट आपल्या भट्टीशी येऊन उभे राहते. विहित वर्गातील शस्त्रे घडविणे, विकणे, इतकेच नव्हे तर दुरुस्त करणे, यांसही परवाना लागतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. (केकला तलवार कशाला, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.) २०२२ साली याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, कुरिअरने आलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्या. आपल्या भट्टीतून तसे पाते गेले, तर बाळगणाऱ्याबरोबर घडविणाऱ्याचीही चौकशी होणारच.

मागे एक तरुण आमच्याकडे आला. कोयता हवा म्हणाला. पाते दीड हात, सरळ, दोन्ही बाजूंस धार. कोयत्यास बाक असतो आणि धार एकाच अंगास, हे शेतकऱ्याच्या पोरास सांगावे लागत नाही. “शेत कुठे रे तुझे?” असे विचारता तो नुसता हसला. आम्ही काम नाकारले. पैसे तो दुप्पट देत होता, आणि ते दिवस पावसाळ्यातले, भट्टी थंड असण्याचे होते. खोटे कशाला बोलावे, क्षणभर मन डळमळले.

तो तडक आपल्यातल्याच दुसऱ्या एका भट्टीकडे वळला. तेथून त्याने काय नेले, हे आम्ही विचारले नाही. विचारावयास हवे होते.